जळकोटच्या पुढं थांबा नाही

१

उदगीर डेपोत कुणालाही विचारा, बिरादारबाईंची गाडी सुटली की चहावाला घड्याळ लावून घेतो. सकाळी सव्वासातची उदगीर–नांदेड जलद. शिवकन्या बिरादार त्या गाडीची कंडक्टर, एकोणीस वर्षं झाली. तोंडानं फटकळ, हिशेबाला चोख. छताला बांधलेली ती दोरी म्हणजे तिचं राज्य. एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की चालायचं. मधी कुणाची लुडबुड चालायची नाही.

आणि जलद गाडी म्हणजे जलद गाडी. थांबा सोडून रस्त्यात कुणी हात केला तर खिडकीतून ओरडायचं, ‘मागून साधी येतीया!’ आणि पुढं निघायचं. साधी येते का न येते, देव जाणे. एकोणीस वर्षांत असे किती हात मागं पडले असतील, ते तिनं कधी मोजलं नव्हतं. कुणी मोजतं का?

डिसेंबरातला मंगळवार. जळकोट सोडून आठ-दहा मिनिटं झालेली. दोन्ही अंगांनी तूर, खांद्याला लागेल एवढी उंच, शेंगांनी लगडलेली. बाई मागच्या बाकड्यापाशी मशीन घेऊन तिकिटं फाडत होती. तेवढ्यात पुढं बेल वाजली.

टण्.

एकच. ड्रायव्हर जिलानीभाईनं गाडी बाजूला घेतली, दार उघडलं. बाहेर कुणी नाही. वस्ती नाही, फाटा नाही, झाड नाही.

“कुणी वढली दोरी?” बाई कडाडली. “आपल्या बापाची गाडी हाय का?”

पुढच्या बाकावर धोंडाबाई बसली होती. म्हातारी दर दोन दिवसांआड नांदेडला डोळा दाखवायला जायची आणि पंच्याहत्तरीचं फुकट तिकीट मिळालं म्हणून गावभर सांगायची. बाईनं तिच्याकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघती गं? हात वर केला तर पाठीत चमक भरती माझ्या. मी कशाला वढू?”

गाडीत हशा पिकला. बाईनं टण् टण् दिली आणि विषय संपवला. दोरी ढिली असंल, खड्ड्यात उसळली असंल. एसटीच ती, तिची काय जन्मपत्रिका मांडायची?

बुधवारी तिथंच वाजली. संध्याकाळी मेकॅनिकनं दोरी ताणून दिली, वर तंबाखू मळत म्हणाला, “आता भूकंप झाला तरी वाजायची न्हाई.” गुरुवारी डेपोनं गाडीच दुसरी दिली. बाईनं जळकोट सोडल्यावर दोरी स्वतःच्या मुठीत घट्ट धरून ठेवली. बघूच, कोण वढतंय ते.

बेल वाजली. मुठीतली दोरी तसूभरही हलली नाही.

जिलानीभाईनं गाडी थांबवली. या खेपेला त्यानं मागं वळून विचारलं नाही, कुणाला चढायचंय म्हणून. दार उघडलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि मुकाट्यानं लावून घेतलं. बाईला ते खटकलं. अकरा वर्षं हा माणूस तिच्या पुढं बसून गाडी हाकत होता, आणि मागं वळून काही विचारल्याशिवाय त्यानं कधी दार लावलं नव्हतं.

२

तिच्या घरात काय चाललं होतं ते डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर कुणी काही विचारत नव्हतं.

आनंदराज. शिवकन्या आणि दयानंदचं एकुलतं एक लेकरू. वय बावीस. मालवाहू जहाजावर खलाशी. उदगीरचं पोरगं समुद्रावर कसं गेलं, असं विचारू नका. जाहिरात बघितली, कोर्स केला, गेलं. तिकडं परक्या समुद्रात कुणाची तरी कुणाशी लढाई जुंपलेली. वरून काय काय पडायचं, म्हणून मालाची जहाजं एकटी जात नसत. नऊ-दहा जहाजांचा काफिला करायचा, पुढं-मागं लढाऊ जहाजं ठेवायची आणि जायचं. लढाई आमची नाही, माल आमचा नाही, पोरगं तेवढं आमचं!

पाच आठवड्यांपूर्वी कंपनीचा फोन आला. मग कागद आला, मराठीत करून पाठवलेला, केवढे उपकार. त्यात लिहिलं होतं, ‘सदर खलाशी कामावर असताना, कोणाच्याही दृष्टीस न पडता, स्वतःच्या अनवधानाने समुद्रात पडला.’ खाली आईबापानं सह्या करायच्या. सोमवारपर्यंत. मग मृत्यूचा दाखला निघणार. सही नाही केली तर पोरगं बेपत्ता, आणि बेपत्ता माणसाला सात वर्षं मरता येत नाही.

दयानंद डाळमिलवर मुकादम होता. पाच आठवड्यांत त्याची मान खाली गेली ती वर आलीच नव्हती. गुरुवारी संध्याकाळी त्यानं कागद पुन्हा समोर ठेवला.

“सही कर, शिवकन्या. दाखला आला की जंगमाला बोलवू. बसवून माती द्यायची आपली लिंगायतांची रीत हाय. त्याचं गळ्यातलं लिंग तो देवघरात ठिवून गेलाय. तेच ठिवू खड्ड्यात.”

“आन दाखल्यावर काय? कुणालाच दिसला न्हाई म्हणून गेला, आसं?”

“दिसला आसंल न्हाईतर नसंल. आता काय फरक पडतो?”

“मला पडतो!” ती एवढ्यानं ओरडली की शेजारची बाई दारात आली. “माझं लेकरू का टाचणी हाय, कुणाला न दिसता पडायला? सहा फुटाचा गडी! दिसला न्हाई म्हणं! मुडदा बशिवला त्या लिहिणाऱ्याचा!”

दयानंद रडायला लागला. तिला रडू येत नव्हतं, नुसती आग होत होती अंगाची.

त्या वाक्यानं तिला एवढं का डिवचलं, ते तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी जळकोटच्या पुढंच एका बाईनं हात केला होता. काखेत तापानं फणफणलेलं पोर. शिवकन्यानं बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं. गाडी गच्च होती, आधीच वीस मिनिटं उशीर. तिनं डबल बेल दिली. पुढं त्या बाईच्या भावानं तक्रार केली, डेपोनं खुलासा मागितला आणि शिवकन्यानं लिहून दिलं, ‘सदर प्रवासी दृष्टीस पडले नाहीत.’ ते पोरगं जगलं का, हे तिनं आजवर विचारलं नव्हतं.

३

शुक्रवारी दुपारी नांदेडच्या स्टँडवर एक पोरगा तिला शोधत आला. शारिक नाव, देगलूर नाक्यावर घर. त्याच काफिल्यातल्या दुसऱ्या जहाजावर होता, आठ दिवसांपूर्वी सुट्टीवर आलेला. आनंदराजची आणि त्याची कोर्सात ओळख झाली होती. कॅन्टीनमध्ये त्यानं चहा मागवला आणि पेल्याला हात लावला नाही.

“मावशी, तो तिसऱ्या जहाजावरून पडला. मी नवव्यावर होतो. शेवटच्या.”

“मंग तुला काय ठाऊक?”

“दिसला ना.” शारिक टेबलाकडं बघत बोलत होता. “सकाळचे साडेसहा. चांगला उजेड होता. वरून काहीतरी येतंय म्हणून सगळ्या जहाजांनी एकदम वळण घेतलं, त्या हिसक्यात पडला. अंगात नारंगी जाकीट होतं. त्याच्यामागं सहा जहाजं होती, मावशी. सहाच्या सहा त्याच्या बाजूनं गेली.”

“थांबलं न्हाई एक बी?”

“काफिल्यात थांबत न्हाईत. हुकूमच असतो. जो थांबतो त्यालाच उडवतात. कुणीतरी तरंगायची ट्यूब फेकली, ती लांब पडली. त्यानं हात वर केलेला. हलवत नव्हता. नुसता असा, सरळ वर. आम्ही सगळे कठड्याला उभे. मग भोंग्यावरून कप्तान बोलला, उधर मत देखो, सब अंदर जाओ.”

“आन तुम्ही गेलात.”

“गेलो, मावशी.”

स्टँडवर देगलूर गाडीची घोषणा चालली होती. शिवकन्याला समुद्र माहीत नव्हता. तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विष्णुपुरीचं धरण. त्या पाण्यात तिनं मनातल्या मनात सहा जहाजं सोडली आणि कठड्यांवर माणसं उभी केली. एकेक जहाज जवळ येतंय, पोरगं हात वर करतंय, आता हे थांबंल, आता हे. सहा वेळा.

“हे लिहून दे मला,” ती म्हणाली.

शारिकचं तोंड उतरलं. “माझं खलाशाचं पुस्तक जप्त करतील, मावशी. पुन्हा कुणी जहाजावर घेणार न्हाई. घरात मी एकटा कमावता.”

“सांगायला जीभ हाय, लिहायला हात न्हाई? मंग आलास कशाला? स्वतःचं वझं माझ्या डोक्यावर ठिवायला?”

पोरगा रडत होता. तिला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखीनच संताप आला. उठताना तिनं विचारलं, “उदगीरला येतो का? दयानंदला तुझ्या तोंडानं सांग तरी. माझ्या गाडीत बस, पुढं खिडकीला जागा देते.”

“खिडकीला न्हाई बसत मी आता,” शारिक म्हणाला. का ते तिनं विचारलं. तो निघून गेला.

४

शनिवारी जळकोट सुटल्यावर बाई डाव्या बाजूच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ऊन चांगलं वर आलं होतं. गाडीत दोघे-तिघे मोबाइलवर गाणी लावून बसलेले. सगळं रोजच्यासारखं.

टण्.

जिलानीभाईनं गाडी थांबवली नाही. उलट पाय दाबला. एकोणीस वर्षांत एका बेलवर गाडी जोरात पळताना तिनं पहिल्यांदा बघितली.

आणि तुरीत तिला हात दिसला.

रस्त्यापासून दोन-तीनशे हातांवर. तुरीच्या शेंड्यांवर उभा, नारंगी बाहीचा. कुणी शेंगा तोडत असंल, ती मनाशी म्हणाली. कुणी ट्रॅक्टरवाल्याला बोलवत असंल. पण शेंगा तोडणारा माणूस एका जागी उभा राहतो. हा हात सावकाश वर येत होता आणि सावकाश खाली जात होता, मनगटापर्यंत बुडत होता आणि पुन्हा कोपरापर्यंत निघत होता. पायाखाली जमीन नसल्यासारखा.

गाडी पुढं गेली. तिचा हात दोरीकडं गेला नाही. हे सगळ्यात वाईट. तिनंही गाडी थांबवली नाही.

कंधारच्या स्टँडवर तिनं जिलानीभाईला गाडीच्या मागं गाठलं. “बेल ऐकली ना तुम्ही?”

“हाव.”

“मंग थांबला का न्हाई?”

जिलानीभाईनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. डिसेंबरात. “बाई, पहिल्या दिवसापास्नं दिसतंय मला. तुम्हाला पोराचं दुःख, म्हणून बोललो न्हाई. मंगळवारी रस्त्याच्या कडंपास्नं लई लांब होतं. रोज थोडं थोडं जवळ येतंय. आपण थांबतो, दार उघडतो, म्हणून येतंय ते. ते चांगलं न्हाई. माझी बी लेकरंबाळं हायती.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “उधर नको देखो, बाई.”

बस्स! याच शब्दांची खोटी होती.

“तुम्ही बी तेच?” ती उसळली. “ज्याला त्याला एकच शिकवण, तिकडं बघू नका! अकरा वर्षं माझ्या हातचे डबे खाल्ले. माझ्या पोराला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरू दिलं तुम्ही. ते पोरगं हात वर करतंय आन तुम्ही पाय दाबता?”

“ते पोरगंच हाय कशावरून?”

ती म्हणाली, “सोमवारी मी बेल देणार. माझ्या हातानं. थांबायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही ठरवा.”

रविवारी सुट्टी होती. दयानंदनं कागदावर आपली सही करून ठेवली होती. तिच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती.

५

सोमवारी गाडी गच्च भरलेली. चव्वेचाळीस बसलेले, वर उभे वेगळेच. धोंडाबाई पुढच्या बाकावर, डोळ्याला हिरवी पट्टी. कागद बाईच्या पिशवीत होता; संध्याकाळपर्यंत तो नांदेडहून कुरियरनं जायला हवा, असं दयानंदनं दोनदा बजावलं होतं.

जळकोट गेलं. बाईनं दोरी धरली. आज आपोआप काही वाजलं नाही. तिनं खाली ओढली.

टण्.

जिलानीभाईचे खांदे ताठ झालेले तिला मागून दिसले. गाडी पळत होती. दहा हात, वीस हात. मग ब्रेक लागले आणि उभी माणसं एकमेकांवर पडली.

“काय झालं बाई? पंक्चर का?”

“आमचा इंटरव्ह्यू हाय नांदेडला!”

ती उत्तर न देता उतरली. हात रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होता. ती तुरीत शिरली. फांद्या तोंडाला लागत होत्या, शेंगा खुळखुळत होत्या. पाच पावलांनंतर खुळखुळ थांबली. माणसांचा आरडाओरडाही थांबला, कुणी दार लावून घ्यावं तसा. पावलांना गार लागलं. मग घोट्यांना, मग गुडघ्यांना. तिनं खाली बघितलं नाही. खाली बघितलं तर आपण मागं फिरू, हे तिला नीट कळत होतं.

“आनंदा!” तिनं हाक मारली. “आले रे! थांबली बघ गाडी!”

हात तिच्याकडं वळला. तुरीचे दोन शेंडे बाजूला झाले आणि त्यांच्यामधून तोंड दिसलं.

तो आनंदराज नव्हता.

कुणी दुसराच. चपट्या नाकाचं, कोवळ्या मिशीचं, कुठल्या मुलखातलं कोण जाणे. ओठ पांढरे पडलेले. डोळे तिच्यावर. तो काहीतरी म्हणत होता, पण त्यातून आवाज येत नव्हता.

आता खरं सांगायचं तर पहिल्या झटक्याला तिच्या मनात काय आलं? माझा न्हाई. जाऊ दे. वळ मागं. एकोणीस वर्षांची सवय, हात दोरी शोधायला लागला. तिची तिलाच किळस आली.

“दिसलास रे,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाळा, दिसलास मला. कुणाचा हायस ठाऊक न्हाई, पण दिसलास.”

तो वर उभा राहिलेला हात हळूहळू खाली आला. किती दिवसांनी कोण जाणे. तोंडावर तूर मिटली.

मग तिनं पुढं, पार टेकडीपर्यंत बघितलं आणि ती माघारी गाडीकडं धावली.

६

ती परत आली तेव्हा अर्धी गाडी खाली उतरली होती. शिव्या द्यायला म्हणून उतरलेली माणसं तिला बघून मागं सरली. बाईची खाकी साडी छातीपर्यंत भिजलेली होती, पाणी निथळत होतं. मागं तुरीत जमिनीला भेगा पडलेल्या. दोन महिन्यांत पाऊस नव्हता.

“निघू या, बाई,” जिलानीभाई म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता, तुरीकडं पाठ करून. “झालं ना? थांबलो आपण.”

“गाडी बंद करा.”

“बाई…”

“बंद करा म्हणते ना! आन सगळे उतरा खाली. चला. बघितल्याबिगर डबल बेल मिळायची न्हाई आज. कुणाकडं तक्रार करायची ती करा. मी खुलासा देते.”

“काय बघायचं पण?” इंटरव्ह्यूवाला पोरगा चिडून म्हणाला. “तूर हाय नुसती!”

“मी बी तेच म्हणत होते,” ती म्हणाली. “बघत राहा.”

गाडीतले उरलेलेही एकेक करून खाली उतरले. जिलानीभाईनं चावी फिरवली. इंजिनाची घरघर गेली आणि एकदम शांत झालं. रस्त्याच्या कडेला पन्नासेक माणसं रांगेनं उभी. कुणी हातात डबा घेतलेला, कुणी पोर. सगळे तुरीकडं बघत होते. एक मिनिट गेलं असेल. कुणीतरी हसलं आणि मधीच थांबलं. जिलानीभाई सावकाश वळला, त्यानंही बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत डोक्यावर रुमाल बांधला.

“अगं बया,” धोंडाबाई म्हणाली. तिनं डोळ्यावरची हिरवी पट्टी वर केली. “अगं बया बया. किती हायत गं हे.”

मग इंटरव्ह्यूवाल्याच्या हातातली फाइल खाली पडली.

म्हातारी चाचपडत पुढं आली, बाईच्या ओल्या दंडाला धरून उभी राहिली. तिनं नजर काढली नाही. पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत बघून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “ह्यातला तुझा कंचा गं, लेकी?”

शिवकन्या रस्त्याच्या कडेला चवड्यांवर उभी होती. मागं गाड्या खोळंबून हॉर्न वाजवत होत्या. तिला ते ऐकू येत नव्हतं. ती एकेक हात बघत होती, घाई न करता, एकही न सोडता.

“थांब मावशी,” ती म्हणाली. “बघतीया.”